दुसरा नमुना

"माणूस हरवला न्हाई, मॅडम," मंगल फोनवर म्हणाली. "त्यो कुठं हाय ते तुमास्नी ठाव न्हाई, एवढंच. मग हरवला म्हणून कसं लिवलंसा?"

संयोगितानं फोन कानाशी धरून समोरच्या पडद्यावरची नावांची यादी वर सरकवली. सांगलीत विश्रामबागेत चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांच्या अभ्यासाचं ऑफिस होतं. फेब्रुवारीची सकाळ. पंखा लावावा की नको, असा प्रश्न पाडणारी. चारशे सतराव्या ओळीत तिनं दहा मिनिटांपूर्वी दोन शब्द टाकले होते : संपर्क तुटला. ती यादी मंगलच्या मोबाईलवरही दिसायची, पण मंगल ती अशी ओळीओळीनं वाचत असेल हे संयोगिताच्या कधी मनातही आलं नव्हतं. शब्द तिनं नियमाला धरूनच टाकले होते. तीन फोन, एक पत्र, एक घरभेट. तरी माणूस मिळाला नाही तर ओळ बंद करायची, असं चारही देशांनी मिळून ठरवलं होतं. भारत, नेपाळ, केनिया आणि पेरू. साठीच्या पुढच्या, काही दुखत-खुपत नसलेल्या माणसांची किडनी आधीच तपासून ठेवली तर त्यांचं खरंच भलं होतं का, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा प्रश्न होता. इकडे त्यासाठी आटपाडी, जत आणि माण हे तीन तालुके घेतले होते. एकदा रक्त आणि लघवी घ्यायची, तीन महिन्यांनी पुन्हा घ्यायची. कारण एका नमुन्यावर किडनीचं काही खरं नसतं. ताप, जुलाब, उन्हात पाण्यावाचून गेलेला एखादा दिवस, कशानंही आकडा बिघडतो. दोनदा बिघडला तरच त्याला आजार म्हणायचं. आणि चारशे सतरावी ओळ म्हणजे कोंडीबा, वय एकाहत्तर, धंदा मेंढपाळ. दिवाळीआधीचा त्याचा आकडा वाईट होता. डॉक्टरांनी त्याभोवती दोनदा गोल केला होता. दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखा तो मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघून गेला. मुलाचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या नमुन्याची मुदत चार दिवसांनी संपत होती.

"कुठं आहे मग तो?"

"कोयनंच्या खोऱ्यात. यंदा घाट उतरून कोकणात गेलाच न्हाई. गुडघं धरल्यात. हेळवाकाच्या पुढं भाताच्या खाचरात खताला मेंढरं बसवल्यात म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"इचारलं," मंगल म्हणाली. जणू याहून वेगळं काही करता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

मंगल आटपाडीकडच्या एका गावातली आशा कार्यकर्ती. वय अडतीस. सासर-माहेर दोन्ही मेंढरांमागं फिरलेलं. अभ्यास सुरू झाला तेव्हा संयोगितानं तिला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं : प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, आपल्या मनचं काही घालायचं नाही, कोऱ्या जागेत काही लिहायचं नाही. मंगल मान हलवत होती आणि कोऱ्या जागेत लिहीत होती. तिच्या फॉर्मांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ला. गो.' असं काहीतरी असायचं. संयोगिताला ते खोडायचा कंटाळा यायचा, म्हणून ती तिकडं बघायचीच नाही. आता फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण बऱ्याच गोष्टींकडं अशाच बघितलेल्या नाहीत. ओळ पुन्हा उघडायला एक बटण पुरलं. पण ते दाबताना बोटाला जे जाणवलं ते काही बटणासारखं नव्हतं. मोकळ्या रानात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर आपण दार लावून घेतलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. "मंगल," तिनं परत फोन लावला, "उद्या सकाळी साडेआठला कराडच्या स्टँडवर ये. मी गाडी घेऊन येते." पलीकडून मंगल म्हणाली, "तुमी? तुमी सोता येनार?" त्या प्रश्नात कौतुक नव्हतं. काळजी होती.

सकाळी सांगली सोडली तेव्हा मागच्या सीटवर बर्फाचा डबा होता, नळ्या, सुया, रक्तदाबाचं यंत्र. आष्टा, इस्लामपूर, मग हायवे. दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस. वाळव्याकडचा फाटा आला तसा ॲक्सिलरेटरवरचा तिचा पाय आपोआप हलका झाला, दरवेळी होतो तसा. त्या फाट्यावरून आत तिचं माहेर. वडील, सुभेदार लालासाहेब, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आले आणि मग पंधरा वर्षं ऊस केला. त्यांचे बूट ही घरातली देवाइतकीच जपायची गोष्ट होती. रोज सकाळी ब्रश, पॉलिश, कापड. गावात दूध घालायला जायचं असलं तरी. एका उन्हाळ्यात ते म्हणाले, "बूट आटलेत गं, संयू." ती हसली होती. बूट कधी आटतात का? त्यांनी आठ नंबरचे ठेवून नऊ नंबरचे आणले, आणि घरात कुणालाही, तिलासुद्धा, जी तेव्हा पुण्यात सार्वजनिक आरोग्याचं शिकत होती, त्यात काही वावगं दिसलं नाही. वर्षभरानं मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. लिंबाएवढा खळगा. तो भरून यायला बराच वेळ लागला. पुढची दोन वर्षं आठवड्याला तीन वेळा डायलिसिस. वडील प्रत्येक वेळी दाढी करून, टाय नाही एवढंच, बाकी परेडला निघाल्यासारखे निघायचे. गेले तेव्हा नऊ नंबरचे बूट दाराशी होते आणि ते चकचकीत होते. या अभ्यासाचं काम पत्करताना तिनं मुलाखतीत यातलं काही सांगितलं नव्हतं. पण लवकर कळलं असतं तर वाचले असते, ही तिची खात्री होती. आणि एखाद्या खात्रीवर माणूस जसं घर बांधतो तसं तिनं तिच्यावर सगळं आयुष्य उभं केलं होतं.

कराडच्या स्टँडवर मंगल पहिल्या एसटीनं येऊन थांबली होती. पायात चपला नव्हे, खेळायचे बूट. गाडीत बसल्या बसल्या तिनं डब्यातली भाकरी आणि ठेचा पुढं केला. पाटण मागं पडलं, रस्ता वळणं घ्यायला लागला, तेव्हा संयोगितानं विचारलं, "ते कोपऱ्यात काय लिहितेस तू? ला. गो.?"

"लाल गोळी," मंगल म्हणाली. "गुडघ्याची. दुकानात सुटी मिळती, चिठ्ठी लागत न्हाई. म्हातारी मानसं शेंगदाण्यागत खात्यात, मॅडम. कोन दोन, कोन चार. फारमात 'औषधं घेता का' असा रकाना हाय. तितं ती न्हाई म्हनत्यात. त्यास्नी गोळी म्हंजे औषध वाटतच न्हाई. म्हणून मी येगळं इचारते."

"किती जणांच्या फॉर्मवर आहे ते?"

"मोजलं न्हाई. लय जनांच्या."

संयोगितानं गाडी एका वळणाच्या कडेला घेतली आणि थांबवली. दुखणं मारणाऱ्या त्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, हे ती पाठ म्हणू शकली असती. चार देशांतल्या अकरा डॉक्टरांनी मिळून तो रकाना लिहिला होता. आठ महिने लागले होते त्याला. आणि अकरा जणांनी लिहिलेल्या प्रश्नाला म्हातारी माणसं अगदी खरं उत्तर देत होती : नाही. तिनं मंगलकडं बघितलं. मंगल खिडकीतून खाली, धरणाच्या बाजूला बघत होती. "कोंडीबानानाच्या फारमावर बी हाय," ती म्हणाली. "रोज चार. म्हणून मी पुसाच्या म्हयन्यात आटपाडीच्या बाजारात निरोप सोडला हुता. लाल गोळी बंद करा म्हणावं. पोचला का न्हाई देव जाने." निरोप सोडला, असं ती म्हणाली, पाण्यात होडी सोडावी तसं. संयोगितानं गाडी परत रस्त्यावर घेतली.

हेळवाकच्या पुढच्या खाचरात मेंढरं नव्हती. लेंड्या होत्या, ताज्या, आणि तीन दगडांच्या चुलीत अजून ऊब होती. शेताच्या मालकानं हात करून ओढ्याच्या वरची बाजू दाखवली. गाडी तिथंच ठेवून दोघी चालत निघाल्या. बर्फाचा डबा आळीपाळीनं. चढ होता, करवंदीची जाळी होती, आणि संयोगिताच्या छातीत हवा पुरत नव्हती. पुढं चाललेली मंगल मध्येच वाकून जमिनीकडं बघायची, नाकानं वास घ्यायची, वळायची. प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत आपण या बाईला शिकवत होतो, हे आठवून संयोगिताला उन्हात एकटंच लाजल्यासारखं झालं. पाऊण तासानं कुत्री भुंकली. मग लोकरीचा, दुधाचा आणि धुराचा मिळून एक वास आला, आणि उताराच्या खाली, कापलेल्या भाताच्या खुंटांवर जाळ्यांचं कुंपण दिसलं. आत दीडदोनशे मेंढरं. धनगर याला वाडा म्हणतात. उचलला की चालू लागणारा. दोन घोडी बांधलेली होती, आणि त्यांच्याजवळ एका घोंगड्यावर पाय लांब करून एक उंच, वाळका म्हातारा बसला होता.

"आवं नाना," मंगलनं हाळी दिली, "पावनं आल्यात."

कोंडीबानं दोघींकडं बघितलं, मग डब्याकडं बघितलं. "रगताला आलासा व्हय?" तो म्हणाला. "एकदा दिलंय की. रगत म्हंजे काय ताक हाय का, मागंल त्याला वाटायला?"

मंगल हसली, पण तो हसला नाही. त्यानं संयोगिताकडं वळून अगदी सरळ आवाजात सांगायला सुरुवात केली; रागावून सांगितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. दिवाळीत कागद आला. सुनेनं तो घरात मोठ्यानं वाचला. आपल्या मूत्रपिंडाचे कार्य अपेक्षेपेक्षा कमी आढळले आहे. मूत्रपिंड म्हणजे काय ते सुनेला ठाऊक नव्हतं, तिनं शेजारच्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, किडनी. मग गावात कुणाकुणाची किडनी गेली आणि ते कसे गेले, ते सगळं निघालं. "त्या दिसापास्नं माज्या ताटात मीठ न्हाई. त्याचं काय न्हाई. पन पंचेचाळीस वरसं वाड्याच्या म्होरं मी चाललो. कुठं पानी, कुठं चारा, कुठला पाटील मेंढरं बसवून घेतो, समदं हितं." त्यानं कपाळावर बोट ठेवलं. "यंदा मल्हारी म्हनला, आबा, तुमी बसा. माझा पोरगा. वाईट न्हाई त्यो. रडत म्हनला. आन मला घोड्यावर बशिवलं. त्या घोड्यावर कोण असतं म्हाईत हाय का? कोंबड्या. आन चालता न येनारी कोकरं. कोंबड्या आन मी." तो थांबला. "माजं कायबी दुखत नव्हतं, बाई. गुडघं सोडून. तुमच्या कागदानं मला म्हातारा केला."

ते पत्र तिनं लिहिलं होतं. मसुदा करताना तिला 'कार्य अपेक्षेपेक्षा कमी' हा शब्दप्रयोग फार सभ्य वाटला होता. घाबरवणारा नाही, खोटाही नाही. भाषांतर करून दाखवल्यावर चारी देशांत तो वाखाणला गेला होता. 'अपेक्षेपेक्षा'. कुणाच्या अपेक्षेपेक्षा? म्हाताऱ्या माणसाची किडनी हळू चालते, जसे त्याचे पाय हळू चालतात. पिकलेलं पान आणि किडलेलं पान यांतला फरक एका आकड्यावरून कळत नाही, यावर बैठकीत तासन्‌तास वाद झाले होते, आणि ती ते वाद टिपून घ्यायची. पण तो फरक कळेपर्यंतचे जे तीन महिने, ते माणसानं कुठं काढायचे, हे कुणी टिपलं नव्हतं. या माणसानं ते घोड्यावर कोंबड्यांबरोबर काढले. तिला वडील आठवले, आणि पहिल्यांदाच ते बूट न आठवता वेगळंच काही आठवलं : आजार कळल्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं त्यांच्या हातातली पाण्याची घागर काढून घेतली होती, आणि त्यांनी ती देऊन टाकली होती, काही न बोलता. लवकर कळलं असतं तर घागर लवकर गेली असती. एवढंच? की वडीलही राहिले असते? दोन्ही खरं होतं. ती भाताच्या खुंटांवर बसली होती, खुंट टोचत होते, आणि पायाखालची जमीन सरकतेय असं तिला वाटलं नाही. उलट बऱ्याच वर्षांनी ती कुठंतरी टेकली होती.

"तो कागद मी लिहिला, नाना," ती म्हणाली. "चुकीचा लिहिला. एकदा तपासून काही कळत नाही, पुन्हा बघितल्याशिवाय घाबरू नका, असं आधी लिहायला पाहिजे होतं. ते मी शेवटी लिहिलं, आणि शेवटपर्यंत कुणी वाचलंच नसणार."

कोंडीबा तिच्याकडं बघत राहिला. कागद लिहिणारं माणूस असतं, आणि ते असं चालत येऊ शकतं, हे त्याला नवीन असावं. मंगलनं फक्त विचारलं, "नाना, गोळीचा निरोप पोचला हुता का?"

"पोचला. कराडच्या बाजारातनं आलेल्या एका गड्यानं सांगितला. मंगलीनं लाल गोळी सोडायला सांगितलीया म्हणून." त्यानं गुडघ्यावर हात फिरवला. "सोडली. महिना झाला. ठनाकतं लय. पन तू सांगितलंस म्हणून सोडली. कागदानं सांगितलं असतं तर न्हाई." मग त्यानं बाही वर केली. "घ्या. आन पुन्यांदा लिवताना नीट लिवा."

मंगलनं रक्त काढलं. तिचा हात इतका हलका की म्हाताऱ्याला सुई कळलीच नसावी. संयोगिता नळीवर अभ्यासाचा क्रमांक घालत होती, तेव्हा बनुबाई चहा घेऊन आली. कोंडीबाची बायको. साठ-पासष्टची, ठेंगणी, नाकात मोरणी. मघापासून ती चुलीशी होती, मेंढरांत होती, एका लंगड्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती, आणि इतका वेळ ती तिथं आहे हे संयोगितानं बघितलंच नव्हतं. कप घेताना तिची नजर खाली गेली. बनुबाईच्या पायांच्या बोटांना जोडवी नव्हती. जिथं असायची तिथं पांढरट, खोल वळ होते आणि भोवतीचं मांस वर आलं होतं.

"नानी, जोडवी कुठं गेली?"

बनुबाई जरा लाजली. पदराच्या गाठीवर हात ठेवून म्हणाली, "हाईत की. काढून ठिवल्यात. बोटं मोठी झाली बया. वयानं हुतं तसं."

संयोगितानं कप खाली ठेवला. वाकली, आणि बनुबाईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला. मग ती आणि मंगल दोघी त्या जागेकडं बघत राहिल्या. मेंढरं ओरडत होती, कोंडीबा काहीतरी विचारत होता. बनुबाईचं नाव यादीत नव्हतं. यादी झाली त्या आठवड्यात ती मेंढरांमागं होती, आणि आता नाव घालायची मुदत संपली होती. अभ्यासाला तिचा काही उपयोग नव्हता. नियमाप्रमाणे सगळं समजावून, विचारून, संमतीचा अंगठा घेऊन संयोगितानं रक्ता-लघवीच्या जास्तीच्या नळ्या भरून घेतल्या, आणि अभ्यासाचा क्रमांक न घालता नळीवर सरळ नाव लिहिलं : बनुबाई. रक्तदाबाच्या यंत्रात आलेला आकडा तिनं दोनदा बघितला. "मला काय झालंय?" बनुबाई हसून म्हणाली. "दुकनेकरी त्यो हाय." कराडच्या लॅबपर्यंत चार तासांत पोचायचं होतं. परतीच्या वाटेवर मंगल डबा पोटाशी धरून बसली होती, बाळंतिणीनं लेकरू धरावं तशी.

तिसऱ्या दिवशी आकडे आले. कोंडीबाची किडनी सुधारली होती. तरण्या माणसासारखी नव्हे, पण एकाहत्तर वर्षं चाललेल्या माणसाला शोभेल अशी. डॉक्टरांनी या वेळी गोल केला नाही. बनुबाईच्या लघवीतून प्रथिनं भसाभसा चालली होती, आणि रक्तदाब कदाचित कित्येक वर्षं वाढलेला असणार. अजून हातात होतं. औषधानं बरीच वर्षं थोपवता येईल, डॉक्टर म्हणाले, पण आत्ता सुरू करायला हवं. दुपारी चार देशांची बैठक होती. संयोगितानं मंगलला मुद्दाम सांगलीला बोलावून शेजारी बसवलं होतं आणि तिच्या फॉर्मांवरचे सगळे 'ला. गो.' मोजून ठेवले होते; तो हिशेब तिनं बैठकीत मांडला. नैरोबीच्या डॉ. वांजिरू, ज्या एरवी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसत, त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, ते संयोगितानं मराठीत सांगितलं : हा वेगळा प्रश्न विचारायचं तुला कसं सुचलं? मंगलनं पदर सारखा केला. "माजी सासू त्याच गोळ्या खायची," ती म्हणाली. "तिला मी औषध खाता का म्हणून इचारायची, ती न्हाई म्हनायची. ती गेल्यावर उशीखाली रिकामी पाकिटं घावली." संयोगितानं हे इंग्रजीत सांगितलं. मग वांजिरू म्हणाल्या, आमच्याकडं ती गोळी पिवळी असते. माझी आजीही तिला औषध म्हणत नाही. पुढच्या महिन्यापासून चारही देशांत तो प्रश्न मंगलच्या शब्दांत विचारायचा असं ठरलं : दुखतं तेव्हा काय खाता? बैठक संपल्यावर मंगलनं एवढंच विचारलं, "विट्याची गाडी किती वाजता हाय?" तिच्याकडं बघताना संयोगिताला वाटलं, मोठं काम करणाऱ्या माणसाला मागं वळून बघायची सवयच नसते, म्हणून ते मोठं होत असेल. मग हे फार छापील झालं असं वाटून तिनं तो विचार सोडला आणि तिला स्टँडवर पोचवून आली.

बनुबाईला पत्र पाठवायचं नाही, हे ठरलेलं होतं. स्वतः जाऊन सांगायचं. पाच दिवसांनी त्या दोघी पुन्हा निघाल्या. वाडा आता पाटणच्या अलीकडं येऊन बसला होता. गाडी चालवताना संयोगिता मनात वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. 'घाबरू नका' म्हणायचं नाही. तसं म्हटलं की माणूस पहिल्यांदा घाबरतं. 'थोडासा दोष' म्हणायचं नाही, ते खोटं. वाडा दिसला तेव्हा तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं. कोंडीबा मेंढरांबरोबर चालत होता. सगळ्यांच्या पुढं नव्हता. पुढं मल्हारी होता. पण घोड्यावरही नव्हता. खोऱ्यातून बाहेर आल्यावर मल्हारीचा फोन लागला तेव्हा मंगलनं त्याला त्याचा आकडा कळवला होता. त्यानं लांबूनच काठी वर केली.

बनुबाई सुपात तांदूळ निवडत होती. भाताच्या शेतात मेंढरं बसवल्याबद्दल मिळालेले. संयोगिता तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि सांगायला लागली. किडनी ही गाळणी आहे. तुमच्या गाळणीची भोकं मोठी झालीत. जे अंगात राहायला हवं ते बाहेर चाललंय. त्यामागं वाढलेला रक्तदाब आहे. रोज एक गोळी, ही खरी औषधाची, न चुकता. मीठ कमी. पाटणच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, आजच जाऊन यायचं. तीन महिन्यांनी पुन्हा नमुना. हे सगळं ऐकताना बनुबाईची बोटं थांबली नाहीत. खडा निघाला की तो बाजूला पडायचा, तांदूळ पुढं सरकायचा. सांगून झालं तेव्हा तिनं सूप मांडीवर टेकवलं.

"मरन हाय का त्यात?"

"आत्ता नाही. औषध घेतलं तर पुष्कळ वर्षं नाही. सोडलं तर आहे."

बनुबाईनं मान हलवली. "कळलं. आता भ्यायचं किती आन करायचं किती, तेवढं मला निवडून सांग."

संयोगितानं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "भ्यायचं थोडं," ती म्हणाली. "करायचं रोज."

"मग जमंल. रोजचं काम मला जमतं." तिनं सुपातले तांदूळ पातेल्यात ओतले आणि नवऱ्याला हाक मारली, "आवं ऐकलंसा का, म्या बी आता तुमच्यागत अळणी खानार." कोंडीबा जवळ आला. त्यानं ऐकलं होतं. तो बायकोच्या बाजूला उभा राहिला आणि हातातली काठी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. मग म्हणाला, "मीठ म्या खाल्लं न्हाई, आजार हिला. असं कसं वो?" मंगल बनुबाईची पावलं आपल्या मांडीवर घेऊन बघत होती, हलक्या हातानं, आणि बनुबाई तिला गुदगुल्या होतात म्हणून लटकं रागावत होती.

पाटणच्या दवाखान्यातून परत येऊन गोळ्यांचं पाकीट बनुबाईच्या पिशवीत गेलं तेव्हा उन्हं कलली होती. संयोगितानं कागद काढला. "नानी, जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येणार. कुठं असाल?"

बनुबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की एवढं सोपं काय विचारतेस. "लिव," ती म्हणाली. "हितनं पाच दीस मल्हारपेठ, शिंद्यांच्या मळ्यात. मग उंब्रज, नदीच्या अल्याड. मसुरात आठ दीस, तितं ऊस निघाल्यावर पाला मिळतो. पुसेसावळीत माजी भन हाय, तिच्यात एक रात. मायणीला तळ्याच्या कडंनं, पानी हाय तवर. पानी आटलं असलं तर थांबनार न्हाई, झरे गावाला जानार. झऱ्यात खालच्या अंगाच्या हिरीवर चार दीस. मिरगाच्या आदी घरी." संयोगिता लिहीत होती. पत्त्याच्या रकान्यात एक ओळ होती. ती भरली, समास भरला, मग तिनं कागद उलटा केला आणि पाठीमागं लिहीत गेली. गावं, मळे, माणसं, पाण्याच्या जागा. मध्येच मंगल एखादं नाव दुरुस्त करायची, कोंडीबा दिवस वाढवायचा, आणि त्यावरून नवरा-बायकोची हुज्जत व्हायची, आणि शेवटी बनुबाईचं खरं धरलं जायचं.

"लिवलंस समदं?"

"लिहिलं."

"आता वाचून दाव."

संयोगितानं पहिल्यापासून वाचून दाखवलं. बनुबाई डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलवत, पावलापावलानं चालल्यासारखी. झऱ्याला आल्यावर तिनं डोळे उघडले.

"हीर म्या म्हनलं खरं, पन हीर न्हाई," ती म्हणाली. "बारव. पायऱ्या हाईत तिला. हीर म्हनलंस तर तू वरच्या अंगाला जाशील."

संयोगितानं खोडून लिहिलं : बारव. तोपर्यंत बनुबाई उठली होती. मेंढरं परतत होती आणि त्यांना जाळीत घ्यायचं होतं.